पडद्यावरचा गुरू आणि हातातले पत्ते

पत्ते हा विषय आपल्या जुन्या घरांतून नेहमी थोडा हात राखूनच बोलला गेला. कोजागिरीला, गौरीच्या जागरणाला, दिवाळीच्या सुटीत दुपारची जेवणे आटोपल्यावर पत्त्यांचा कॅट बाहेर निघे. मुले गुलामचोर आणि बदाम सात खेळत, बायका पाच-तीन-दोन मांडीत, पुरुष मंडळी मेंढीकोट किंवा तीनशे चारला बसत. सण सरला की तोच कॅट वडीलधाऱ्यांच्या कपाटात जाई, आणि आडदिवशी कोणी तो मागितला तर "अभ्यास झाला का?" हा प्रश्न ठरलेला. या शिस्तीला एकच अपवाद होता. सुटीला आलेला एखादा मामा किंवा आतेभाऊ तो कॅट पंख्यासारखा पसरी आणि म्हणे, "यातला एक पत्ता काढ. मला दाखवू नकोस." मग अभ्यासाची आठवण कोणालाच राहत नसे. स्वयंपाकघरातून आजीसुद्धा पदराला हात पुशीत येऊन उंबऱ्याशी उभी राही.

हा मामा आता कोठे गेला, असे मला पुष्कळदा वाटे. गेल्या गणपतीत तो मला पुन्हा भेटला. पण निराळ्या वयात आणि निराळ्या ठिकाणी. त्याचीच हकीकत वाचकांना सांगावयाची आहे.

सुप्याची माणसे

मिरजेहून गाडीत बसले की बेळगाव, खानापूर करीत लोंढा येते. तेथून रान दाट होत जाते, आणि थोड्याच अंतरावर रामनगर लागते. हे गाव उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात आहे. परंतु जुनी माणसे त्या मुलखाला आजही सुपा तालुकाच म्हणतात. सीमाप्रश्नाच्या चर्चेत कारवार आणि हल्याळ यांच्या जोडीने सुप्याचे नाव आपण वर्षानुवर्षे वाचले आहे. ते मूळ सुपा गाव मात्र आज पाहावयास मिळत नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमाशी ते वसले होते. गणेशगुडी येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले, ते १९८७ मध्ये पूर्ण झाले, आणि सुपा त्याच्या जलाशयाखाली गेले. धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. खाली नागझरीला आणि कद्र्याला त्याच नदीच्या पाण्यावर आणखी वीज होते. त्या विजेसाठी ज्यांनी घरे सोडली त्यांतली बरीच कुटुंबे रामनगरात वसली.

माझ्या मावसबहिणीचे सासर त्यांपैकीच एक. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ऐंशीच्या घरात आहेत. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. मी पोहोचलो त्या संध्याकाळी हा भाचा मागच्या पडवीत पाठमोरा बसला होता. समोर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल, त्याच्या पडद्यावर कोणा साहेबाचे नुसते दोन हात, आणि भाच्याच्या हातात पत्ते. पडद्यावरचे हात एक पत्ता वळवीत, की हाही वळवी. ते थांबले की हाही थांबे.

चौकशी केली तेव्हा कळले की ही त्याची वर्षाची साधना आहे. घरी रेंज येते-जाते. म्हणून कॉलेजच्या गावी गेला की तेथे तो एखादी शिकवणीची चित्रफीत डाउनलोड करून घेतो आणि रात्री घरी आल्यावर सावकाश पाहतो. काही फुकट मिळतात, काही त्याने शिकवणीची मुले घेऊन साठवलेल्या पैशातून विकत घेतल्या आहेत. परदेशात या व्यवहाराची मोठी दुकानेच आहेत. अमेरिकेतील पेंग्विन मॅजिक २००२ मध्ये निघाले, थिअरी इलेव्हन २००७ मध्ये. एकेका खेळाची फीत, तीत आधी प्रयोग, मग फोड, मग बोटांची ठेवण जवळून. पैसे भरावे, फीत उतरवून घ्यावी, आणि रामनगरच्या पडवीत बसून शिकावे!

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर घरातली वीस-पंचवीस माणसे जमली असताना भाच्याने खेळ मांडला. वरचा पत्ता दाखवला, ती इस्पिकची राणी. ती मधोमध खुपसली, चुटकी वाजवली, आणि राणी पुन्हा वर आलेली दाखवावयाची होती. येथेच घात झाला. या खेळाचे मर्म दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलण्यात आहे, ते दोघे ऐन वेळी एकमेकांपासून सरकले, आणि पुढे बसलेला सहा वर्षांचा पोर ओरडला, "दोन हायत! दोन हायत!" सगळे हसले. भाचाही ओशाळून हसला. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते उठले आणि एक शब्द न बोलता अंगणात निघून गेले.

माझी बहीण हळूच म्हणाली, "चाळीस वर्षांत या घरात पत्ता आला नव्हता, दादा. तू बोलू नकोस त्यांना काही."

कारण तिने नंतर सांगितले. धरणाची नुकसानभरपाई मिळाली तेव्हा अण्णांच्या धाकट्या भावाच्या वाट्याचे पैसे तीन-चार रात्रींत तीन पत्तीच्या डावावर गेले. घर पाण्याखाली गेले होते, आता पैसाही गेला. भाऊ पुढे गोव्याला मजुरीला गेला आणि घरी फारसा आलाच नाही.

पुस्तक, गुरू आणि चित्रफीत

त्या रात्री पडवीत दिवा जळत होता. भाचा अजून तेच दोन पत्ते उचलून पाहत होता. मला म्हणाला, "मामा, व्हिडिओतला माणूस म्हणतो, अगदी सोपं आहे. मी शंभर वेळा बघितलं असेल त्याला. पण तो मला बघत नाही ना!"

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. विद्या दुरून शिकणे ही काही नवी गोष्ट नव्हे. पत्त्यांच्या हातचलाखीची कला तर मोठ्या प्रमाणात पुस्तकांतूनच वाढली. इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ मध्ये चेटकाची अंधश्रद्धा खोडून काढण्यासाठी ग्रंथ लिहिला, त्यात बाजारातले जादूगार काय युक्त्या करतात हे उलगडून सांगितले. पत्त्यांचे खेळही त्यात आले. पुढे १८७६ मध्ये प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाच्या लेखकाचे 'मॉडर्न मॅजिक' निघाले आणि हौशी लोकांना ही विद्या घरबसल्या मिळू लागली. १९०२ मध्ये शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या नावाने एक पुस्तक छापले गेले. हा लेखक खरा कोण, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. कॅनडातील डाय व्हर्नन नावाच्या मुलाने ते पोरवयातच पाठ केले. १९२२ मध्ये याच व्हर्ननने हूडिनीला चकवले. कोणताही खेळ तीनदा पाहिला तर मी ओळखीन, असा हूडिनीचा दावा होता. स्वतःच्या सहीचा पत्ता पुनःपुन्हा वर येताना पाहूनही त्याला तो ओळखता आला नाही.

म्हणजे पुस्तकातून शिकून माणूस थोर होतो, हे खरे. परंतु त्याच व्हर्ननची दुसरी गोष्ट पाहा. पर्सी डायकोनिस नावाचा न्यूयॉर्कचा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी घर सोडून त्याच्या मागे गावोगाव हिंडावयास निघाला. आपल्याकडच्या गवयांच्या कथांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. हा मुलगा पुढे गणिती झाला, स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला. आणि साधारणपणे सात वेळा पिसल्यावर ५२ पत्त्यांचा कॅट नीट मिसळतो, हा सुप्रसिद्ध निष्कर्ष त्याने डेव्ह बेयर यांच्यासह १९९२ मध्ये मांडला. ज्याने पुस्तकातून विद्या उचलली, त्यानेही पुढच्याला ती हिंडताफिरता, हाताशी धरून दिली.

आपल्याकडे हे काम घराण्याने केले. पुण्याचे जादूगार रघुवीर यांनी देशोदेशी प्रयोग केले. त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी तीच परंपरा पुढे चालवली. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी एखाद्या मे महिन्यात मुलांना घेऊन रघुवीरांचा खेळ पाहिला असेल. अशा घरात मुलाला केवळ युक्ती मिळत नाही. प्रयोग पडला तर काय बोलावे, प्रेक्षकांतला खट्याळ माणूस कसा आपलासा करावा, केव्हा थांबावे, हे त्याला विंगेत उभे राहून मिळते.

चित्रफितीचे ऋण मी नाकारीत नाही. पुस्तकात अंगठा कोठे ठेवावा हे वाचून कळण्यास जेथे आठवडा लागे, तेथे आता एका नजरेत कळते. फीत मागे नेता येते, संथ करता येते. जो मुलगा मुंबई-पुण्यापासून शेकडो मैलांवर रानात राहतो, ज्याच्या गावात जादूगार कधी आला नाही, त्याला जगातले उत्तम हात पाहावयास मिळतात. ही समता लहान नाही. तरीही भाच्याचे बोल खरे आहेत. पडद्यावरचा गुरू सर्व दाखवतो, पण शिष्याकडे पाहत नाही. तुझी करंगळी दिसते आहे, तू युक्तीच्या क्षणी श्वास रोखतोस, राणी वर येण्याआधीच तुझे डोळे तिकडे जातात, हे सांगावयास समोर माणूस लागतो.

शिवाय ही कला मुळात डोळ्यांची नाहीच. अमेरिकेतील रिचर्ड टर्नर यांची दृष्टी लहानपणीच गेली. ते आज पत्ते हाताळणाऱ्यांत अग्रगण्य मानले जातात, आणि त्यांच्यावर २०१७ मध्ये 'डेल्ट' नावाचा चित्रपट निघाला. अर्जेंटिनाच्या रेने लावांद यांचा उजवा हात नवव्या वर्षी अपघातात गेला. त्यांनी एका डाव्या हाताने, मुद्दाम संथपणे खेळ करून जग जिंकले. हे दोघे कोणती चित्रफीत पाहून शिकले असते?

एक खेळ वाचकांसाठी

ज्या खेळांत हातचलाखीच नाही, असेही पुष्कळ आहेत. आणि आरंभ तेथून केला तर फजितीचा प्रसंग टळतो. आपल्या मामांचा एकवीस पत्त्यांचा खेळ हा त्यांपैकीच. एकवीस पत्ते तीन रांगांत, प्रत्येकी सात येतील असे, आडवे एकेक करून मांडावे. समोरच्याने मनात एक पत्ता धरावा आणि फक्त रांग सांगावी. ती रांग इतर दोघींच्या मधे ठेवून पत्ते गोळा करावे आणि पुन्हा तसेच मांडावे. असे तीन वेळा झाले की मनातला पत्ता वरून बरोबर अकरावा येतो. यात गूढ काही नाही. पहिल्या उत्तराने एकवीसांतले सात उरतात, दुसऱ्याने दोन किंवा तीन, तिसऱ्याने एक. आणि रांग मधे ठेवल्यामुळे तो एक दर खेपेस मध्याकडे सरकत जातो. पत्ते पालथे असोत की उताणे, गणित आपले काम करतेच.

गणिताच्या अशा गमतींत आपला माणूस मागे नव्हता. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ६१७४ या संख्येचे नवल शोधून काढले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करा, आणि हेच पुढे करीत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि नाशिककडचे हे मास्तर जगाला ठाऊक झाले. हे गार्डनर स्वतः पत्त्यांच्या जादूचे जन्मभराचे वेडे होते, ही त्यातली आणखी एक मौज.

पत्त्यांचे म्हणाल, तर तेही आपल्याला परके नाहीत. सावंतवाडीच्या गंजिफा संस्थानी घरांना माहीत आहेतच. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते असतात. ती कला लोपत चालली असता राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती राखली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. गोल, जाड, लाखेने रंगवलेला तो पत्ता पंख्यासारखा पसरण्यासाठी नव्हेच. हातचलाखीला हवा पातळ, चौकोनी, किंचित लवणारा कागदी पत्ता. म्हणून ही विद्या आपल्याकडे विलायती कॅटाबरोबर रुजली असावी, असे मला वाटते.

विकत घेतलेले गुपित

आता कोणी विचारील, गुपित असे विकत मिळू लागले तर ते गुपित कसले? लंडनच्या 'मॅजिक सर्कल' या १९०५ च्या संस्थेत युक्ती फोडणाऱ्या सभासदाला स्थान नाही. कायदा मात्र गुपिताचे रक्षण करीत नाही. आपला १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा चित्रफितीला संरक्षण देतो, तिच्यातल्या कल्पनेला नव्हे. कल्पनेवर कोणाची मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटक-चित्रपटाच्या वादात स्पष्ट केले. तेव्हा राणी वर आणण्याची युक्ती कोणीही करावी. परंतु दुसऱ्याने कष्टाने तयार केलेली फीत चोरून मित्रांत वाटणे हा मात्र गुन्हाच. भाच्याच्या मोबाईलमध्ये अशा दोन फिती होत्या. मी बोललो तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पण सकाळी त्याने त्या पुसून टाकल्याचे मला आपण होऊन दाखवले.

त्याच सकाळी अण्णा पडवीत आले. चहा झाला. मग अचानक नातवाला म्हणाले, "हे पैसे घेऊन शिकवतात?"

"होय, आजोबा."

"वाटतानाचं पण शिकवतात? म्हणजे वरचा पत्ता वाटतोय असं दिसावं, आणि खालचा जावा, असं?"

भाचा गप्प राहिला. येथे वाचकांना सांगितले पाहिजे की अर्डनेसचे ते पुस्तक, जे जादूगार धर्मग्रंथासारखे जपतात, ते अर्ध्याहून अधिक जुगारातल्या लबाडीवरच आहे. खालचा पत्ता वाटणे, काटलेला कॅट पुन्हा होता तसा करणे, हे सारे त्यात तपशिलाने आहे. एकच बोट, ते रंगमंचावर जादू करते आणि फडावर घर बुडवते. फरक एवढाच की जादूगार आधीच सांगतो, मी तुम्हाला फसवणार आहे.

"शिकवतात," भाचा शेवटी म्हणाला. "मला नीट येत नाही अजून."

"येतं तेवढं दाखव. सावकाश."

त्याने कॅट घेतला आणि तीन ठिकाणी तीन-तीन पत्ते वाटले. पहिल्यांदा मला काहीच दिसले नाही. मग त्याने हात उलटा धरून संथपणे तेच केले: अंगठ्याने वरचा पत्ता जरा पुढे सरकवला, आणि उजव्या बोटांनी तळातला ओढून घेतला. अण्णा पुढे वाकून पाहत राहिले. "परत," म्हणाले. त्याने पुन्हा केले. असे चार-पाच वेळा झाले.

"आवाज जरा निराळा येतो," अण्णा म्हणाले. बराच वेळ ते नुसते त्या पत्त्यांकडे पाहत होते. मग म्हणाले, "त्याला मी फार बोललो. दैव खोटं, अक्कल खोटी, सगळं बोललो. हे असलं काही असेल, हे मनातच आलं नाही."

त्या रात्री फडावर काय झाले हे आता कोण सांगणार? डाव सरळही असेल. पण चाळीस वर्षे एकाच माणसावर ठेवलेला दोष त्या सकाळी थोडा हलला, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

भाचा म्हणाला, "आजोबा, जादू करणारा पैसे लावून खेळायला बसत नाही. मी कधी बसणार नाही."

अण्णांनी मान हलवली. शपथ वगैरे काही मागितली नाही. जाण्याआधी मी त्यांना म्हटले, "अण्णा, याला रोज बघायला कोणीतरी लागतं. पडद्यावरचा माणूस याला बघत नाही." ते किंचित हसले.

आपल्या घरांतही असा एखादा मुलगा किंवा मुलगी दार लावून मोबाईलसमोर पत्ते उलटीत बसलेली असेल. तिला "अभ्यास झाला का?" जरूर विचारावे, पण त्यानंतर पाच मिनिटे समोर बसून खेळही पाहावा. पत्ते दोन दिसले तर ओरडू नये, मागाहून एकटीला सांगावे. डाउनलोड करून मिळत नाही ते एवढेच आहे, आणि ते आपल्याजवळ आहे.

मी पिशवी भरीत होतो तेव्हा पडवीतून अण्णांचा आवाज ऐकू आला: "तो राणीचा खेळ कर परत. काल मी नीट बघितलाच नाही."